हाक पोहोचली पाहिजे

(संस्थेच्या वार्षिक सहाय्यक मेळाव्यात दिलेलं भाषण. वाचकांसाठी थोडं संपादित करून देत आहोत. – संपादक)



आज मला दिलेला विषय आहे, 'घरात अडकलेल्या माणसासाठी तंत्रज्ञान'. कार्यक्रमपत्रिका हातात आल्यावर एका ज्येष्ठ बंधूंनी मला विचारलं, "ताई, कोरोना केव्हाच संपला. आता हा विषय कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्या उत्तरापासूनच सुरुवात करते.

शहरात आपण दार लावून घरात बसणं २०२० मध्ये पहिल्यांदा अनुभवलं. सातपुड्यात, म्हणजे मी जिथे काम करते त्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत, घरात एकटं पडणं दरवर्षी येतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या पाड्यांवर येतात. उचल घेतलेली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात. धडधाकट माणसं कोयते घेऊन जातात आणि मागे उरतात म्हातारी माणसं, काही लहान मुलं आणि आजारी माणसं. ती थेट होळीच्या सुमारास परत भेटतात. क्षयाचा रोगी असतो, त्याला पहिले काही आठवडे वेगळं झोपवतात. सिकलसेलच्या कळा सुरू झालेली मुलगी असते, तिला चार दिवस अंथरुणावरून उठता येत नाही. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की अख्खा पाडा तुटतो. या सगळ्यांना घरात बसवायला सरकारी आदेश लागत नाही. म्हणून आमच्यासाठी हा विषय संपलेला नाही. येत्या दिवाळीनंतर तो पुन्हा सुरू होणार आहे.

आमच्या भागाची थोडी ओळख करून देते. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी असे समाज आहेत, आणि त्यांच्या बोली वेगवेगळ्या. डोंगरातलं गाव म्हणजे घरांची रांग नव्हे. एक घर या टेकडीवर, दुसरं नाल्यापलीकडे, तिसरं आपल्या शेताच्या बांधाला. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, हे तुम्हाला ठाऊक असेल. म्हणजे तंत्रज्ञान आमच्या जिल्ह्यात उशिरा आलं असं कुणी म्हणू शकत नाही. पण आजही डोंगरातल्या कितीतरी पाड्यांवर जिथे घर आहे तिथे रेंज नाही, आणि जिथे रेंज आहे तिथे घर नाही. प्रत्येक पाड्याचा एक ठरलेला दगड असतो किंवा एखादं मोहाचं झाड असतं. तिथे उभं राहिलं की फोन लागतो. आमची कार्यकर्ती पाड्यावर गेली की पाण्याच्या आधी रेंजची जागा विचारते.

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. त्या वर्षी पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला होता. आपल्यापैकी अनेकांनी ती उपासना मोबाईलच्या पडद्यावर पाहिली. आमच्या मंडळ्यांमध्ये बहुतेकांकडे बटणांचे साधे फोन. पडदा बोटाएवढा, इंटरनेट नाही. त्या दिवशी आम्ही कॉन्फरन्स कॉल केला. साध्या फोनवर एका वेळी पाच-सहा जणच जोडले जातात, म्हणून सकाळपासून दुपारपर्यंत तीच छोटी उपासना पुन्हा पुन्हा घेतली. एक गीत, एक शास्त्रपाठ, एक प्रार्थना. शेवटी प्रत्येकाने आपापल्या घरची खुशाली सांगायची. पाळक थकले, पण लोकांना गीतापेक्षा ती खुशालीच जास्त हवी होती, हे त्या दिवशी सगळ्यांच्या लक्षात आलं. पुढच्या सगळ्या कामाचं बी तिथे पडलं.

आमच्या मदतीला काय काय आलं आणि कशाचा किती उपयोग झाला, ते आता सांगते. तुम्ही पैसे पाठवता, तुम्हाला हे कळलंच पाहिजे.

सगळ्यात जास्त उपयोग झाला एका वहीचा. साधी दोनशे पानी वही. तिच्यात घराचं नाव, घरात कोण कोण, फोन कुणाचा, तो चार्ज कुठे होतो, रेंज कुठे मिळते, बोली कोणती, आणि माणूस झाडापाशी किती वाजता येतो. हे सगळं लिहिलेलं. एका कार्यकर्तीकडे दहा घरं. संध्याकाळी शेतातून परतण्याची वेळ झाली की ती एकेका घराला फोन लावायची. जे घर झाडापाशी येऊ शकत नव्हतं, त्याचा निरोप शेजारच्या घराकडून घ्यायचा, आणि तो शेजारी कोण हेही वहीत लिहिलेलं. ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांच्याशी मिस्ड कॉलची खूण ठरली होती. एक मिस्ड कॉल म्हणजे सगळं ठीक. लागोपाठ दोन म्हणजे मला फोन करा.

फोनवर काय विचारायचं तेही ठरवून घेतलं. "कसे आहात?" असं विचारलं की आमचा माणूस "बरं आहे" म्हणतो आणि गप्प होतो. तो तापाने फणफणला असला तरी बरंच असतो. म्हणून प्रश्न नेमके केले. आज चूल किती वेळा पेटली? भाकर खाल्ली की नुसती पेज? रात्री झोप लागली का? लघवीला किती वेळा गेलात? चालताना दम लागतो की बसल्या जागीही लागतो? आणि कार्यकर्तीला सांगून ठेवलं होतं की उत्तराबरोबर आवाज ऐकायचा. वाक्य एका दमात पुरं होतंय की मध्येच तुटतंय, हे कान देऊन ऐकायचं.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिलमध्ये, याच सवयीने एक माणूस वाचला. तो शेतातल्या खोपीत वेगळा राहत होता. पहिले तीन दिवस नीट बोलला. चौथ्या संध्याकाळी सगळ्या प्रश्नांना "हो, हो" म्हणाला. आमची कार्यकर्ती, जी आमच्याच वसतिगृहात शिकून मोठी झाली आहे, तिने त्याला मुद्दाम त्याच्या बैलांबद्दल विचारलं. बैलांबद्दल तो नेहमी भरभरून बोलायचा. त्या संध्याकाळी एक वाक्य त्याने तीन तुकड्यांत पुरं केलं. तिने फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला, आशाताईला. आशाताई टॉर्च घेऊन गेल्या. बोटाला लावायचं यंत्र त्यांच्याकडे होतं, त्यावर आकडा ८८ आला. पाड्यावरच्या चार तरुणांनी बांबूची झोळी करून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथे १०८ ची गाडी आली. बारा दिवसांनी तो चालत घरी परतला.

यात तंत्रज्ञान कोणकोणतं होतं, ते मोजून पाहा. एक बटणांचा फोन, एक ऑक्सिमीटर, एक टॉर्च आणि रुग्णवाहिका. पण यातली एकही वस्तू स्वतःहून त्याच्यापर्यंत गेली नसती. बैलांबद्दल विचारावं हे त्या मुलीला सुचलं, कारण ती त्याला ओळखत होती. आणि दुसरा फोन कुणाला लावायचा हे तिला शोधावं लागलं नाही, कारण ते वहीत लिहिलेलं होतं.

ऑक्सिमीटरबद्दल दोन शब्द जास्त बोलते, कारण अनेक मंडळ्यांनी ही यंत्रं प्रेमाने पाठवली आणि ती अजूनही आमच्याकडे वापरात आहेत. हात गार असेल, नखाला रंग किंवा मेंदी असेल, बोट हलत असेल तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करायचा, बसून थोडं थांबायचं, आकडा स्थिर झाला की वाचायचा. कोरोनाच्या काळात ९४ च्या खाली गेलं की डॉक्टरांना कळवायचं, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. पण एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी निदर्शनास आणलं की गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये हे यंत्र कधी कधी ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. सिकलसेल असलेल्यांमध्येही या आकड्यावर पूर्ण विसंबता येत नाही. आमची माणसं सावळी आहेत आणि सिकलसेल आमच्याकडे घरोघरी आढळतो. म्हणून आम्ही नियम केला. यंत्र चांगलं सांगत असलं आणि माणूस दमत असला, तर माणसाचं ऐकायचं.

आता काही अडचणी सांगते. पैशाच्या हिशेबात त्या दिसत नाहीत.

पहिली अडचण बायकांची. घरात फोन असतो, पण तो पुरुषाच्या खिशात असतो. तो शेतात गेला की फोनही शेतात. आजारी बाईची खबर आम्हाला नवऱ्याच्या तोंडून यायची, आणि नवरा सांगायचा, "ती बरी आहे, भाकऱ्या करते." म्हणून आम्ही आग्रह धरला की फोन तिच्या हातात द्या, आम्ही तिच्याशीच बोलणार. सुरुवातीला पुरुष नाराज झाले. मग आमच्या महिला समाजाच्या बायकांनी फोन करायला सुरुवात केली. बाई बाईशी बोलते म्हटल्यावर फोन सहज हातात मिळू लागला. बाळंतिणी मोकळेपणाने बोलू लागल्या. एकीने तर तीन दिवस नुसतं रडून घेतलं. चौथ्या दिवशी म्हणाली, "आता सांगते", आणि घरात होणारी मारहाण सांगितली.

दुसरी अडचण अफवांची. ज्या फोनवर खुशाली येते, त्याच फोनवर विषही येतं. लस घेतली की माणूस मरतो, दवाखान्यात नेलं की परत येत नाही, असे व्हिडिओ डोंगरात आमच्या आधी पोहोचले होते. दुसरा व्हिडिओ पाठवून ते काही थांबले नाहीत. आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं म्हणणं पाड्याच्या कारभाऱ्याला समजावलं आणि त्याच्याच आवाजात, त्याच्याच बोलीत दोन मिनिटांचा निरोप ध्वनिमुद्रित केला. तो मेमरी कार्डावर घालून बाजाराच्या दिवशी वाटला. आमच्याकडे लोक गाणी अशीच कार्डावर भरून घेतात. इंटरनेट लागत नाही, साध्या फोनवर वाजतं. नर्मदेकाठच्या पाड्यांवर लस बोटीतून गेली. काही ठिकाणी बोट पोहोचण्याआधी कारभाऱ्याचा आवाज पोहोचला होता, तिथे लोक काठावर उभे होते.

तिसरी अडचण मुलांची. त्या काळात एका मंडळीने टॅब पाठवले. पाड्यावर इंटरनेट नाही, हे आम्ही त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांच्या तरुण संघाने विचारपूर्वक काम केलं. सगळे धडे आणि गोष्टी टॅबमध्ये भरूनच पाठवल्या, सोबत सौर दिवे दिले ज्यांवर टॅब चार्ज होतात. ते टॅब अजून चालतात. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे 'बोलकी शाळा' म्हणून ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवण्याचा उपक्रम त्याच वर्षी झाला. मुलं अंतर ठेवून झाडाखाली बसायची आणि भोंग्यातून बाई शिकवायच्या. तेही तंत्रज्ञानच. वस्तू जुनी आहे की नवी यापेक्षा ती त्या जागी चालते का, हे आधी पाहावं लागतं.

चौथी अडचण मनाची. एकटं पडलेलं माणूस आधी जेवण सोडतं, मग अंघोळ, मग बोलणं. आमच्याकडे मोहाची दारू हाताशी असते. फोनवर उपदेश केला की माणूस फोन उचलणंच बंद करतो, हे आम्ही लवकर ओळखलं. काम लावलं की तो बोलतो. एका आजोबांना आम्ही रोज विचारायचो, "आज कोणते पक्षी आले?" दुसऱ्या एका आजीकडून आम्ही तिच्या बोलीतली जुनी गाणी फोनवर ऐकायचो आणि मुद्रित करून ठेवायचो. ती संध्याकाळी पाच वाजल्यापासून झाडाखाली येऊन बसायची. तिचा नातू सांगायचा, "आजी आज कोणतं गाणं म्हणायचं ते सकाळपासून आठवत असते." ज्यांचं दुखणं आमच्या हाताबाहेरचं आहे, त्यांच्यासाठी आता सरकारची टेलिमानस ही सोय आहे. १४४१६ हा क्रमांक, १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेला. चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही बोलता येतं. तो कृपा करून आपल्या मंडळीच्या सूचना-फलकावर आजच लावा. तो फक्त आदिवासींसाठी नाही.

बंधू-भगिनींनो, मी थोडं ईश्वरविज्ञान शिकलेली आहे, म्हणून शास्त्राकडे वळल्याशिवाय राहवत नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या शेवटी पौल कुठे आहे? रोममध्ये, भाड्याच्या घरात, पहाऱ्यात. दोन वर्षं. त्याला बाहेर जाता येत नाही. त्याच्याजवळ त्या काळचं तंत्रज्ञान आहे, म्हणजे पत्र. पण पत्राला पाय नव्हते. ते तुखिकाने नेलं. फिलिप्पैच्या मंडळीने पौलाला देणगी पाठवली, तेव्हा ती घेऊन एपफ्रदीत स्वतः गेला, मरणाच्या दारी जाऊन आला. त्या मंडळीने देणगीबरोबर माणूसही दिला, हे आपण कधी कधी वाचून पुढे जातो.

योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट पाहा. त्याला पुष्कळ लिहायचं आहे, पण सगळं कागद-शाईवर भागवायचं नाही, प्रत्यक्ष यायचं आहे. पत्र लिहिणाराच पत्राची हद्द ओळखतो आणि तरीही पत्र लिहितो. कारण तो येईपर्यंतच्या दिवसांत त्या मंडळीने काय करायचं?

आणि लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी. नियमाप्रमाणे ते दूर उभे राहतात. जवळ येण्याची मुभा नाही. मग त्यांच्याकडे उरतं काय? आवाज. ते दुरून हाक मारतात आणि प्रभू ती ऐकतात. मार्कच्या पहिल्याच अध्यायात दुसऱ्या एका कुष्ठरोग्याला प्रभू हात पुढे करून स्पर्श करतात. एका ठिकाणी दुरून आलेली हाक आहे, दुसऱ्या ठिकाणी स्पर्श आहे. फोनमुळे आपल्याला हाक ऐकू येते. पुढचं पाऊल आपलं. हाक ऐकूनही कुणी उठलं नाही, तर त्या फोनचा काय उपयोग? आणि हाकच पोहोचली नाही, तर उठायला तयार असलेली माणसंही घरात बसून राहतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कामाच्या हद्दीशेजारच्या एका पाड्यावर असंच झालं. हा पाडा तेव्हा कुणाच्याच वहीत नव्हता. एका म्हाताऱ्या बाबांची दोन्ही मुलं, सुना, नातवंडं ऊसतोडीला गेलेली. जाताना धाकट्याने बाबांना फोन घेऊन दिला. बटणं कशी दाबायची ते शिकवलं. रोज रात्री फड संपला की तो फोन करायचा. जानेवारीत फोनची मुदत संपली. हल्ली असं आहे की रिचार्ज संपला की काही दिवसांनी येणारे फोनही बंद होतात. बाबांना ते माहीत नव्हतं. फोन हातात होता, दिवा लागत होता, म्हणजे फोन चालू आहे असं त्यांना वाटत होतं. मुलगा तिकडे रोज फोन लावत होता. सेवा उपलब्ध नाही, एवढंच ऐकू यायचं. त्याला वाटलं रेंज नसेल. मुकादमाची उचल फिटली नव्हती, सोडून येता येत नव्हतं. त्या दिवसांत बाबा पडले. कमरेला मार लागला, उठता येईना. नाल्यापलीकडची शेजारीण लाकडं गोळा करत आली, तेव्हा ते सापडले. उशाशी फोन होता. ते सारखे मुलाचा नंबर लावत होते. दवाखान्यात नेलं, आठवड्याभरात गेले. मुलगा मातीला पोहोचला नाही. त्याने मला नंतर विचारलं, "ताई, रिचार्ज किती रुपयांचा होता?" त्याला ती रक्कम माहीत होती. तरी विचारत होता.

मी ही गोष्ट तुम्हाला रडवायला सांगत नाही. आपल्या निधीचं काय करायचं हे ठरवण्यासाठी सांगते.

दरवर्षी काही मंडळ्या विचारतात की नवीन काय पाठवू? मोठे फोन? टॅब? तुमच्या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानते. पण या वर्षी मी तीन साध्या गोष्टी मागते.

पहिली, रिचार्ज. ज्या घरात म्हातारं किंवा आजारी माणूस एकटं मागे राहणार आहे, त्या घराचा फोन दसऱ्यापासून होळीपर्यंत एक दिवसही बंद पडू नये. वहीत आता मुदत संपण्याची तारीख लिहायचा एक रकाना वाढवला आहे. तारखेच्या आठ दिवस आधी आमची कार्यकर्ती इथूनच रिचार्ज करते. एका चांगल्या टॅबच्या किमतीत कितीतरी घरांचे फोन हंगामभर चालू राहतात.

दुसरी, कार्यकर्तीचं मानधन. फोन करणारी मुलगी ही पाड्यावरचीच हवी, बोली जाणणारी हवी, आणि संध्याकाळचे दोन तास तिने दुसरं काम करू नये. यंत्रासाठी देणगी सहज मिळते, माणसाच्या पगारासाठी मागावी लागते. मी मागते आहे. आणि ती आजारी पडली, तिच्या घरी लग्न निघालं, तर तिची वही घेणारी दुसरी तयार हवी. म्हणून दोघींना शिकवायचं आहे.

तिसरी, चालत जाणाऱ्याचा खर्च. सलग दोन संध्याकाळ फोन लागला नाही, तर तिसऱ्या सकाळी कुणीतरी त्या घरी जायचंच, असा आमचा नियम आहे. कधी त्यासाठी जीप लागते, कधी बोटीचं भाडं, कधी नुसती एका माणसाची दिवसाची मजुरी. बहुतेक वेळा तो जातो तेव्हा आजी अंगणात ज्वारी निवडत बसलेली असते आणि फोनची बॅटरी फुगलेली असते. जाणारा हसत परत येतो. हा खर्च वाया गेला असं कृपा करून समजू नका.

आणि एक विनंती तुमच्या स्वतःच्या मंडळीसाठी. पुण्या-मुंबईतही मुलं परदेशी आणि आईवडील तिसऱ्या मजल्यावर, असे घरोघरी आहेत. गुडघ्यांमुळे ती मंडळी उपासनेला येत नाहीत. आपण त्यांना उपासनेची लिंक पाठवतो. लिंक पाठवणं चांगलंच आहे, थांबवू नका. पण ती उघडली का, आवाज ऐकू आला का, हे सोमवारी कोण विचारतं? शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांना एकेक आजी-आजोबा वाटून द्या. फोन कसा लावायचा ते मुलांनी आजींना शिकवावं, आजींनी त्यांना एखादं जुनं गीत शिकवावं. एक वही करा. शेजाऱ्याचा नंबर त्यात लिहा. किल्ली कुणाकडे असते तेही लिहा. आणि प्रभुभोजनाच्या रविवारी, पाळकसाहेबांबरोबर कुणीतरी तिसरा मजला चढा.

क्षयाच्या रोग्यांबद्दल एक शब्द बोलून थांबते. योग्य औषधं सुरू झाली की काही आठवड्यांत त्यांच्यापासून इतरांना होणारा धोका बराच कमी होतो, पण साध्या क्षयाचीही औषधं निदान सहा महिने घ्यावी लागतात. धोका सरतो, तरी लोकांच्या मनातली भीती सरत नाही. या सहा महिन्यांत आम्ही त्यांना रोज फोन करतो. गोळी घेतली का, हा प्रश्न शेवटी विचारतो. आधी विचारतो, आज तुमच्याकडे कोण आलं होतं? ज्या दिवशी उत्तर येतं, "शेजारी आला, ओट्यावर बसला, चहा पिऊन गेला", त्या दिवशी कार्यकर्ती वहीत त्या नावापुढे एक छोटी खूण करते. एखाद्या नावापुढे अशा खुणा वाढत गेल्या की आम्ही फोन कमी करतो. आता त्याला आमची रोज गरज नसते.

मुकादमाच्या गाड्या दीड महिन्यावर आल्या आहेत. त्याआधी आमच्या सगळ्या वह्या भरल्या जाव्यात, फोन करणाऱ्या मुलींना आणि चालत जाणाऱ्या माणसांना बळ मिळावं, उसाच्या फडात असलेल्यांना आपली माणसं सुखरूप असल्याची खबर रोज मिळावी, यासाठी आपल्या कौटुंबिक प्रार्थनेत आठवण ठेवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.